आकड्याखालचा छेद

महिनाअखेरच्या मार्केटिंगच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. समजा, सर्च जाहिरातींचा प्लॅटफॉर्म म्हणतो की आमच्यामुळे ४०० खरेद्या झाल्या. सोशल मीडियावरच्या जाहिरातींचा प्लॅटफॉर्म म्हणतो, आमच्यामुळे ३५०. आणि कंपनीच्या ऑर्डर सिस्टममध्ये महिन्याभराच्या सगळ्या ऑर्डरी मिळून ५२०. मग कुणीतरी डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका पानावर मांडणारा फलक, बनवणाऱ्याकडे वळून विचारतं, "यातला खरा आकडा कोणता?"

मला हा प्रश्न मनापासून आवडतो. कॅम्पेनचे डॅशबोर्ड बांधणं हाच माझा रोजचा उद्योग आहे, आणि जिथे हा प्रश्न विचारला जातो तिथे काम नीट होणार अशी मला खात्री वाटते. जिथे तो कुणालाच पडत नाही, तिथे जो तो आपल्या सोयीचा आकडा उचलतो आणि वर्षभर दोन टीम एकमेकींशी वेगवेगळ्या भाषेत बोलत राहतात. खरं तर वरचे तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. तिघांनी मोजलंय वेगवेगळं. नेमकं काय मोजलं, कोणत्या तारखेला मोजलं, कशाला भागलं हे कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं, आणि ते ठरवणं आकड्याच्या पोटात दडून राहतं. ते बाहेर काढून वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवणं हे डॅशबोर्डचं पहिलं काम. आलेख, रंग, फिल्टर यांची पाळी त्यानंतर येते.

एकच खरेदी घेऊन तिचा माग काढून बघा. एका बाईंनी रविवारी मोबाइलवर एका बॅगेची जाहिरात पाहिली, तिच्यावर बोट टेकवलं, पान उघडलं आणि बंद केलं. सोमवारी लॅपटॉपवर तीच बॅग शोधताना सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं. बुधवारी रात्री उशिरा त्याच लॅपटॉपवर साइटचा पत्ता थेट टाइप करून आल्या आणि बॅग घेतली. पुढच्या आठवड्यात रंग पसंत पडला नाही म्हणून परत पाठवली.

सोशल मीडियाचा प्लॅटफॉर्म ही खरेदी आपल्या नावावर मांडतो, कारण रविवारचा क्लिक त्याच्या मुदतीत बसतो. जाहिरातीनंतर किती दिवसांपर्यंतची खरेदी आपली धरायची, ती ही मुदत. मेटाची, म्हणजे फेसबुकच्या कंपनीची, नेहमीची मुदत क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यानंतर १ दिवस अशी आहे. २०२१ च्या आधी क्लिकसाठी ती २८ दिवसांची होती. सर्च जाहिराती चालवणाऱ्या गूगल ॲड्सची नेहमीची मुदत ३० दिवसांची, म्हणून तोही हीच खरेदी आपली म्हणतो, आणि शिवाय ती सोमवारच्या खात्यात टाकतो. कारण त्याचा 'कन्व्हर्जन', म्हणजे जाहिरातीतून झालेल्या खरेद्या, हा रकाना क्लिकच्या तारखेने चालतो. खरेदीच्या तारखेने हवं असेल तर त्यासाठी निराळा रकाना आहे आणि तो मुद्दाम निवडावा लागतो. साइटवरच्या भेटी मोजणारं गूगल ॲनालिटिक्स हीच खरेदी बुधवारी दाखवतं, पण श्रेय देताना थेट आलेली भेट बाजूला ठेवून आधीच्या स्रोताकडे, म्हणजे बहुधा सर्चकडे, बोट दाखवतं. मोबाइल आणि लॅपटॉप एकाच बाईंचे आहेत हे त्याला कळलेलं नसेल तर रविवारचा क्लिक त्याच्या हिशेबात येतच नाही. ऑर्डर सिस्टममध्ये तारीख बुधवारचीच असते, फक्त सर्व्हरचं घड्याळ दुसऱ्या टाइमझोनवर चालत असेल तर तीही एका दिवसाने सरकू शकते. आणि अकाउंट्सच्या दृष्टीने ही विक्री झालीच नाही, कारण बॅग परत आली.

एक बॅग, दोन प्लॅटफॉर्मचे दोन दावे, तीन-चार तारखा आणि शेवटी शून्य रक्कम. यात कुणी लबाडी केलेली नाही. पण हे सगळं एका रकान्यात ओतून वर 'एकूण कन्व्हर्जन' असं लिहिलं, की त्या बेरजेला अर्थ राहत नाही.

म्हणून मी प्लॅटफॉर्मांच्या दाव्यांची बेरीज कधी दाखवत नाही. डॅशबोर्डवर दोन मजले ठेवते. वरच्या मजल्यावर ऑर्डर सिस्टममधून आलेली, परत आलेला माल वजा करून उरलेली विक्री आणि सगळ्या चॅनेलवर, म्हणजे सर्च, सोशल मीडिया, ईमेल अशा मार्गांवर, मिळून झालेला खर्च. धंद्याचं कसं चाललंय हे तिथे कळतं. खालच्या मजल्यावर प्रत्येक प्लॅटफॉर्म आपापल्या रकान्यात, आपल्या नावासकट: 'गूगल ॲड्सने नोंदवलेली कन्व्हर्जन, क्लिकच्या तारखेने', 'मेटाने नोंदवलेली खरेदी, ७ दिवस क्लिक, १ दिवस व्ह्यू'. नावं लांबलचक होतात, रकाने रुंद होतात, डिझायनर मंडळी कुरकुरतात. तरीही मी ती आखूड करू देत नाही. त्या नावातच मुदत आणि तारीख आहे, आणि बैठकीतला निम्मा वाद तिथेच मिटतो.

या दोन मजल्यांमधलं अंतर हाही एक उपयोगी आकडा आहे. वरच्या उदाहरणात दावे ७५० आणि ऑर्डरी ५२०, म्हणजे दाव्यांचं ऑर्डरींशी प्रमाण साधारण १.४४. हे प्रमाण एकाच्या वर असणं समजण्यासारखं आहे, कारण बॅगवाल्या बाईंसारखे ग्राहक दोन्हीकडे मोजले जातात. लक्ष ठेवायचं ते त्याच्या स्थैर्यावर. आठवड्यामागून आठवडे १.४ च्या आसपास राहणारं प्रमाण अचानक २ वर गेलं, तर ग्राहक बदललेले नसतात, मोजणी बिघडलेली असते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. साइटवर काहीतरी बदल झालेला असतो आणि 'धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली' हे पान रिफ्रेश केलं की खरेदीची नोंद पुन्हा जाते. प्रत्येक खरेदीबरोबर तिचा ऑर्डर क्रमांक पाठवला असेल तर दुसरी नोंद गाळता येते. नसेल तर एकाच ऑर्डरीची दोन-तीन कन्व्हर्जन होतात. कॅम्पेन मॅनेजरला वाटतं कालची नवी जाहिरात चालली, आणि तो तिचं बजेट वाढवतो. म्हणून हे प्रमाण मी पहिल्याच पानावर ठेवते. पाहुण्याला ते कळत नाही, पण मला आणि टीमला दुसऱ्याच दिवशी सुगावा लागतो.

तारखेचा आणखी एक पेच आहे आणि त्यात चांगली चांगली माणसं अडकतात. खरेदी क्लिकच्या तारखेवर टाकली जात असेल, तर कालच्या क्लिकांची फळं अजून लागायचीच असतात. काल क्लिक केलेला माणूस परवा खरेदी करील आणि ती खरेदी मागे जाऊन कालच्या तारखेवर चिकटेल. त्यामुळे अशा आलेखात शेवटचे काही दिवस नेहमीच घसरलेले दिसतात. खर्च लगेच नोंदला जातो, विक्री सावकाश येते. सोमवारी सकाळी हा आलेख उघडणाऱ्याला दर सोमवारी वाटतं की कॅम्पेन शनिवारपासून ढेपाळलंय. उत्साही मॅनेजर असेल तर तो ते बंदही करतो. यावर माझा उपाय असा: मागच्या काही महिन्यांच्या नोंदींवरून क्लिकनंतर किती दिवसांत किती टक्के खरेद्या येतात याचा तक्ता काढायचा. समजा पहिल्या दिवशी निम्म्या आणि आठवड्याभरात नव्वद टक्के येत असतील, तर शेवटचा आठवडा आलेखावर फिकट, तुटक रेषेने दाखवायचा आणि बाजूला स्पष्ट लिहायचं, 'हे दिवस अजून भरायचे आहेत'. स्वस्त वस्तूंसाठी ही मुदत एका दिवसाची असते, विमा किंवा महागड्या सॉफ्टवेअरसाठी काही महिन्यांचीही. तिथे फिकट भागच जास्त दिसतो, आणि तो तसाच दिसला पाहिजे.

नावांकडे येते, कारण इथेच सर्वांत जास्त घाम गळतो. ग्राहक कुठून आला हे कळावं म्हणून जाहिरातीच्या लिंकच्या शेपटीला जी यूटीएम नावाची खूण लावतात, तिची पाळंमुळं अर्चिन नावाच्या जुन्या ॲनालिटिक्स सॉफ्टवेअरमध्ये आहेत. गूगलने ती कंपनी २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल ॲनालिटिक्स बाहेर आलं. कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी. छापील जाहिरातींच्या जमान्यात टपालाने माल विकणाऱ्या कंपन्या प्रत्येक वर्तमानपत्रातल्या कुपनावर वेगळं सांकेतिक अक्षर छापत, आणि कापून आलेली कुपनं मोजून कोणत्या जाहिरातीने किती ग्राहक आणले ते ठरवत. आज कुपनाच्या जागी सोर्स, मीडियम, कॅम्पेन, टर्म आणि कंटेंट असे पाच कप्पे आहेत. त्यात काय भरायचं याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. गूगल ॲनालिटिक्स मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरतं, त्यामुळे एकाच प्लॅटफॉर्मचं नाव एकाने कॅपिटलने आणि दुसऱ्याने स्मॉलने सुरू केलं की एका चॅनेलचे दोन होतात. एजन्सी आपल्या पद्धतीने लिहिते, ईमेलची टीम आपल्या, आणि एखादा इंटर्न मधल्या रेघेऐवजी स्पेस देतो. बघता बघता एकाच दिवाणखान्यात सतरा दारं व्हावीत तसं त्या यादीचं होऊन बसतं.

नावं नंतर साफ करता येतात. मी मॅपिंगचा तक्ता ठेवते: डाव्या बाजूला आलेलं नाव, उजवीकडे आपलं ठरलेलं नाव. पण खरा उपाय लिंक बनवण्याच्या क्षणी असतो. ड्रॉपडाउन असलेली एक साधी शीट, तिच्यातून बाहेर पडणारी तयार लिंक, आणि त्या शीटबाहेर कुणी लिंक बनवायची नाही असा टीमचा नियम. हे काम कुणाला दाखवण्यासारखं नाही आणि स्लाइडवर चांगलंही दिसत नाही. तरी माझ्या अनुभवात डॅशबोर्ड टिकतो की कुजतो हे याच शीटवर ठरतं. डॅशबोर्डवर 'न ओळखलेली वर्दळ' असा एक छोटा चौकोन मी कायम ठेवते. तो वाढू लागला की कुणीतरी शीट सोडून लिंक बनवतंय हे समजतं.

आणखी बारीकसारीक कामं बरीच आहेत, ती भराभर सांगून टाकते. गूगल ॲड्सच्या एपीआयमधून, म्हणजे आकडे आपोआप ओढून आणण्याच्या वाटेने, खर्च येतो तो चलनाच्या दहा लाखाव्या भागात. दहा लाखाने भागायचं राहिलं तर बजेट आकाशाला भिडतं. प्रत्येक जाहिरात खात्याचा टाइमझोन खातं उघडताना ठरलेला असतो, तो दुसऱ्या खात्याशी जुळेलच असं नाही. प्लॅटफॉर्म जुने आकडे नंतर सुधारतात, म्हणून फक्त कालचा दिवस ओढून आणणं पुरत नाही, मागचे काही आठवडे रोज नव्याने आणावे लागतात. आणि एकच नाव असलेल्या मापाचा अर्थ रातोरात बदलू शकतो. गूगल ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती, युनिव्हर्सल ॲनालिटिक्स, १ जुलै २०२३ ला नव्या नोंदी घेण्याची थांबली आणि सगळे जीए-फोर या नव्या आवृत्तीवर आले. जुन्या 'बाउन्स रेट'मध्ये एकच पान पाहून, दुसरं काही न करता गेलेली भेट मोजली जाई. नव्यात, दहा सेकंदांहून जास्त न टिकलेली, दुसरं पान न उघडलेली आणि महत्त्वाची कृती न झालेली भेट मोजतात. नाव तेच, माप वेगळं. दोन्ही वर्षं एका रेषेत जोडली तर साइट एका रात्रीत सुधारल्यासारखी दिसते. अशा ठिकाणी मी रेषा तोडते आणि मध्ये उभी खूण करून कारण लिहिते.

आता छेदाकडे येते. शाळेत अपूर्णांक शिकवताना वर अंश आणि खाली छेद असतो, आणि मुलांचं लक्ष वरच्या आकड्यावर असतं. मोठ्यांचंही तसंच होतं. मार्केटिंगमधली जवळजवळ सगळी मापं गुणोत्तरं आहेत. सीटीआर म्हणजे क्लिक भागिले इम्प्रेशन, म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसली तो आकडा, सीपीए म्हणजे खर्च भागिले ग्राहक, रोआस म्हणजे जाहिरातीतून आलेली विक्री भागिले जाहिरातीचा खर्च. या सगळ्यात घोळ होतो तो खालच्या आकड्यात.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण २०१६ चं आहे. त्या सप्टेंबरमध्ये फेसबुकने मान्य केलं की व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ पाहतात हा आकडा दोन वर्षं फुगवून दाखवला गेला होता. जाहिरातदारांना सांगण्यात आलं की फुगवटा ६० ते ८० टक्क्यांपर्यंत असू शकतो. अंश ठीक होता: पाहिलेला एकूण वेळ. पण भागताना सगळे पाहणारे न घेता, तीन सेकंदांहून जास्त पाहणारेच घेतले गेले. सरकवत पुढे गेलेली माणसं छेदातून गायब झाली आणि सरासरी वाढली. मधल्या काळात व्हिडिओवर किती पैसा गेला असेल, किती लेखकांच्या जागी कॅमेरे आले असतील, याचा विचार केला की छेद या मामुली गोष्टीचं वजन कळतं.

रोजच्या कामात याचं धाकटं भावंड भेटतं: सरासरीची सरासरी. एका कॅम्पेनला १,००,००० इम्प्रेशन आणि १,००० क्लिक, म्हणजे सीटीआर १ टक्का. दुसऱ्याला १,००० इम्प्रेशन आणि ९० क्लिक, म्हणजे ९ टक्के. डॅशबोर्डच्या तळाशी 'सरासरी सीटीआर' टाकायला सांगितलं की टूल बिनदिक्कत ५ टक्के दाखवतं. खरा हिशेब १,०९० भागिले १,०१,०००, म्हणजे जेमतेम १.०८ टक्के. म्हणून डेटाबेसमध्ये मी टक्केवारी साठवतच नाही. फक्त मोजलेल्या गोष्टी साठवायच्या आणि भागाकार अगदी शेवटी, बेरजेनंतर करायचा. 'रीच', म्हणजे जाहिरात किती वेगवेगळ्या माणसांना दिसली, याच्या बाबतीत तर बेरीजही चालत नाही. सोमवारी ५,००० माणसांना जाहिरात दिसली आणि मंगळवारी ५,००० माणसांना, तर दोन दिवसांत १०,००० माणसांपर्यंत पोहोचलो असं म्हणता येत नाही, कारण बरीचशी माणसं तीच असतात. दोन दिवसांचा रीच प्लॅटफॉर्मकडून वेगळा मागून घ्यावा लागतो.

याहून फसवं एक आहे आणि ते मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला कागदावर करून दाखवते. समजा गेल्या महिन्यात मोबाइलवरून १०,००० भेटी आणि २०० खरेद्या झाल्या, म्हणजे २ टक्के. कॉम्प्युटरवरून १०,००० भेटी आणि ६०० खरेद्या, म्हणजे ६ टक्के. एकूण २०,००० भेटींत ८०० खरेद्या, म्हणजे ४ टक्के. या महिन्यात मोबाइलवर नवी कॅम्पेन सुरू झाली. मोबाइलच्या ३०,००० भेटी आणि ६६० खरेद्या, म्हणजे २.२ टक्के. कॉम्प्युटरच्या १०,००० भेटी आणि ६२० खरेद्या, म्हणजे ६.२ टक्के. दोन्हीकडे सुधारणा. पण एकूण ४०,००० भेटींत १,२८० खरेद्या, म्हणजे ३.२ टक्के. डॅशबोर्डच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात 'कन्व्हर्जन रेट' असेल तर तो ४ वरून ३.२ वर आलेला दिसतो, शेजारी लाल बाण येतो, आणि एका चांगल्या महिन्याची चौकशी सुरू होते. एडवर्ड सिम्पसन या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये हा प्रकार मांडला आणि त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. उपाय अवघड नाही. ज्या गुणोत्तराच्या पोटात दोन फार वेगळे गट आहेत, ते गुणोत्तर एकटं, मोठ्या अक्षरात, वर टांगायचं नाही. गटांसकट द्यायचं, आणि शेजारी खरेद्यांची नुसती संख्या. ८०० च्या १,२८० झाल्या हे पाहिल्यावर बाणाची भीती वाटत नाही.

आलेखांबद्दल थोडक्यात. डोळ्याला काय अचूक वाचता येतं यावर विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच मापपट्टीवरचं स्थान माणूस सर्वांत नीट वाचतो. कोन आणि क्षेत्रफळ यांच्या बाबतीत अंदाज ढिले पडतात. त्यामुळे चॅनेलनिहाय खर्चासाठी मी आडवे बार वापरते आणि गोल वाटण्यांचा आलेख टाळते. लाल-हिरव्यावर सगळी भिस्त ठेवत नाही, कारण पुरुषांमध्ये हे दोन रंग वेगळे न ओळखणाऱ्यांचं प्रमाण दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही. बाण किंवा चिन्हही जोडीला देते. बाकी टूल कोणतं, लुकर स्टुडिओ की पॉवर बीआय की टॅब्लो, या वादात मला फारसा रस नाही. ज्या टीमला जे चालवता येतं ते तिचं टूल.

मात्र एक गोष्ट कोणतंही टूल दाखवू शकत नाही, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे: जाहिरात नसती तर काय झालं असतं? ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या ईबे या कंपनीने २०१२ मध्ये हे प्रत्यक्ष करून पाहिलं. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा त्यावरचा शोधनिबंध २०१५ मध्ये आला. लोक सर्चमध्ये 'ईबे' हे नाव टाइप करत तेव्हा वर जी कंपनीची जाहिरात दिसे, ती याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर बंद करण्यात आली. जाहिरातीवरून येणारी वर्दळ अर्थात थांबली. पण तिच्यातली ९९.५ टक्के वर्दळ खालच्या फुकटच्या निकालांवरून तशीच आली. जी माणसं ईबेचं नाव टाइप करत होती, ती ईबेवरच निघाली होती.

आता ही जाहिरात डॅशबोर्डवर कशी दिसत असेल ते डोळ्यांसमोर आणा. खर्च कमी, विक्री भरपूर, रोआस सगळ्यात वर, हिरवागार. प्रत्येक रकाना बरोबर, प्रत्येक भागाकार बरोबर. याच संशोधकांनी इतर शब्दांवरच्या जाहिरातीही देशाच्या काही भागांत बंद करून पाहिल्या. जे ग्राहक साइटवर नेहमीच येत, त्यांच्यावर फरक जवळजवळ पडला नाही. नवे आणि क्वचित येणारे मात्र जाहिरातीमुळे खरोखर येत होते. तेव्हापासून कोणत्याही डॅशबोर्डवर मी स्वतःच्या ब्रँडच्या नावावरच्या सर्च जाहिराती इतर सर्च जाहिरातींपासून वेगळ्या काढते आणि नवे ग्राहक जुन्यांपासून वेगळे मोजते. एवढी एक फाळणी केली की 'सर्च उत्तम चाललंय' या वाक्याचे दोन तुकडे होतात, आणि त्यातला एक बरेचदा फार लहान निघतो.

श्रेयाच्या हिशेबावर इतका भर देऊन उपयोग नाही असं मला अलीकडे जास्तच वाटतं. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनसाठी आयओएस १४.५ ही नवी आवृत्ती आणली आणि ॲपना वापरणाऱ्याची परवानगी विचारल्याशिवाय इतर ॲप आणि साइटवर त्याचा माग काढता येईना. लोकांना हा अधिकार मिळाला याचा मला आनंद आहे. कुणी कुठे काय पाहिलं याची नोंद विचारून घ्यावी हे उघडच आहे. पण याचा अर्थ असा की जाहिरातींचे प्लॅटफॉर्म आता जो आकडा देतात त्यातला काही भाग मोजलेला असतो आणि काही भाग अंदाजाने भरलेला. डॅशबोर्डवर दोन्ही एकाच ठशात छापलेले असतात. जिथे प्लॅटफॉर्म हा फरक सांगतो तिथे मी तो दाखवते, आणि जिथे सांगत नाही तिथे रकान्याच्या नावात 'अंदाजासह' हा शब्द घालते.

ईमेलचंही असंच झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲपलच्या मेल ॲपने ईमेलमधली चित्रं वाचणाऱ्याच्या वतीने आधीच उतरवून घ्यायला सुरुवात केली. 'ओपन रेट' मोजला जातो तो ईमेलमध्ये लपवलेल्या एका अदृश्य चित्रावरून. चित्र उतरलं की ईमेल उघडली असं समजायचं. म्हणजे ज्यांनी ती सुविधा चालू ठेवली, त्यांच्या न वाचलेल्या ईमेलही उघडलेल्या दिसू लागल्या. ज्या टीमचं वार्षिक टार्गेट ओपन रेटवर होतं ती टीम काही न करता टार्गेट ओलांडून गेली. एखादं माप टार्गेट झालं की ते माप म्हणून चांगलं राहत नाही, हे चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाच्या नावाने सांगितलं जाणारं तत्त्व आहे, १९७५ पासूनचं. इथे तर कुणी मुद्दाम आकडा वाढवायचीही गरज पडली नाही. मी ईमेलच्या डॅशबोर्डवरून ओपन रेट काढला आणि त्या जागी क्लिक आणि सदस्यत्व सोडणाऱ्यांची संख्या ठेवली. थोडी ओरड झाली. ज्यांना तो हवाच होता त्यांना मूळ टूलमध्ये तो अजूनही दिसतो.

डॅशबोर्ड वाचणारी माणसं मला आकड्यांपेक्षा जास्त रोचक वाटतात. नवा चार्ट मागायला कुणी आलं की मी एकच गोष्ट विचारते. "सर, हा आकडा पुढच्या सोमवारी निम्मा झाला तर तुम्ही काय कराल?" कधी उत्तर लगेच येतं: "त्या कॅम्पेनचं बजेट दुसरीकडे वळवीन." मग तो चार्ट बनतो, आणि वळवायचा निर्णय किती घसरणीनंतर घ्यायचा ती रेषाही त्याच्यावर आखली जाते. कधी थोडा वेळ शांतता असते आणि मग, "तसं काही करणार नाही, पण माहीत असलेलं बरं." अशा वेळी मी नाही म्हणत नाही. तो आकडा मागच्या पानावर ठेवते. दर तिमाहीला कोणतं पान किती जणांनी उघडलं ते पाहते, आणि ज्याला कुणी हातच लावला नाही ते पान सगळ्यांना कळवून काढून टाकते. पहिल्या पानावर मावतं तेवढंच माणूस वाचतो. मला तिथे खर्च, परतीचा माल वजा केलेली विक्री, नवे ग्राहक, एका नव्या ग्राहकामागचा खर्च, आणि दावे-ऑर्डरींचं ते प्रमाण एवढं पुरतं.

आणि एक नोंदवही लागते. आलेखाखाली तारखेनुसार साधी वाक्यं: या दिवशी साइट चार तास बंद होती, या आठवड्यात सवलत चालू होती, इथपासून मेटाच्या खात्यात मुदत बदलली, इथे प्रतिस्पर्ध्याने किमती उतरवल्या. आकडे एपीआयमधून आपोआप येतात, पण ही वाक्यं कुणीतरी हाताने लिहावी लागतात. सहा महिन्यांनी नवा माणूस येतो, एक खड्डा दाखवून विचारतो, "इथे काय झालं होतं?" ज्यांना माहीत होतं ते तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात. ज्या टीमने ही वही इमानाने ठेवली आहे, तिच्याकडे जुना डेटा खरोखर कामाचा असतो. इतरांकडे तो नुसता साठलेला असतो.

सध्या हातात असलेल्या डॅशबोर्डवर चॅनेलच्या तक्त्यात मी एक रकाना नव्याने घातला आहे: 'जाहिरात बंद ठेवून केलेली चाचणी'. त्यात चाचणीची तारीख, कोणत्या भागांत जाहिरात बंद होती, आणि बंद असताना विक्री किती घटली हे येईल. बहुतेक चॅनेलसमोर तो रिकामा आहे. परवाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की रिकामा रकाना वाईट दिसतो, तूर्त लपवून ठेवूया. मी तो ठेवला. मग मार्केटिंगच्या प्रमुखांनी त्या रिकाम्या घरांपैकी सर्वांत जास्त खर्चाच्या चॅनेलपुढचं घर दाखवून विचारलं की हे भरायला किती आठवडे लागतील आणि तेवढे दिवस किती विक्री पणाला लावावी लागेल. त्या हिशेबाला आम्ही आता बसलो आहोत.